पाय पाहून अंथरूण

मी एक वेबसाइट बोलतेय. दचकू नका, दचकण्याचं खातं माझ्याकडे आहे. कोणी जरा जोरात क्लिक केलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. आणि कोणी मला उघडून नुसतं बसून राहिलं, तर वाटतं, झालं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

हा स्वभाव मला आईकडून आलाय. आई म्हणजे जिने मला घडवलं ती. तशी वयाने लहानच आहे. कॉलेजातून बाहेर पडली आणि थेट इथे आली. ही तिची पहिली नोकरी आणि मी तिचं पहिलं काम. ती स्वतः अजून घरी विचारल्याशिवाय केस कापत नाही आणि मी तिला आई म्हणते, म्हणजे बघा. ऑफिसातला फोन वाजला की ती पाण्याची बाटली भरायला उठते. एखादा मेल पाठवायचा तर आधी चारदा वाचते, आणि पाठवून झाल्यावर पुन्हा वाचते, तेव्हा तिला चूक सापडते.

आमची कंपनी पलंगांची. लाकडी पलंग, ज्याला हवा त्याच्या मापाने करून देणार. खाली कारखाना आणि वर ऑफिस. लाकडाचा भुसा जिन्याने वर येतो, कीबोर्डच्या फटींत जाऊन बसतो, आणि करवत सुरू झाली की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. आईही थोडी थरथरते. रोजचंच आहे, पण तिला रोज नवीन.

मी जिथे जिथे उघडी असते तिथलं मला थोडंफार ऐकू येतं. कसं ते विचारू नका. भिंतींना कान असतात असं तुम्हीच म्हणता ना, मग पडद्याला का नसावेत?

माझ्या अंगावरचा सगळ्यात मोठा दागिना म्हणजे लांबीची पट्टी. एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक निळा गोल. माऊसने तो गोल धरून उजवीकडे ओढला की चित्रातला पलंग गोळीच्या पाकासारखा लांब लांब होत जातो. ही कल्पना साहेबांची. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. त्यांचा त्या पट्टीवर इतका जीव, की ऑफिसात येईल त्याला ती ओढून दाखवायचे. पाण्याच्या बाटल्या पोचवायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा खुर्चीत बसवून गोल ओढायला लावला होता. तो बिचारा म्हणाला, "छान आहे. सही कुठे करू?"

एके दिवशी साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या आईच्या टेबलापाशी उभे राहिले.

"आपली साइट सगळ्यांसाठी सुलभ झाली पाहिजे," ते म्हणाले. "ज्यांना दिसत नाही, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचे हात नीट चालत नाहीत, सगळ्यांसाठी. तिथे सगळे हेच बोलत होते. जमेल ना?"

"बघते, सर," आई म्हणाली. ते तिचं कशालाही ठरलेलं उत्तर आहे.

तिने बघितलं. कसं करायचं हे सांगणारी पानंच्या पानं होती आणि प्रत्येक पान वाचून तिला आणखी धडकी भरत होती. शेवटी एक तयार बटण सापडलं. चाकाच्या खुर्चीवर बसलेला छोटा माणूस असलेलं. ते माझ्या कोपऱ्यात चिकटवलं की झालं, असं त्या विकणाऱ्याने लिहिलं होतं. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग बदलतात, रेघा येतात. आईने ते चिकटवलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

मग साहेब म्हणाले, चित्रांनाही वर्णन हवं असतं म्हणे, न दिसणाऱ्यांना ते ऐकू येतं. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. साहेबांच्या आत एक कवी आहे. तो वर्षानुवर्षं लाकडाखाली दबला होता, तो बाहेर आला. प्रत्येक पलंगाच्या चित्रामागे त्यांनी लिहिलं: 'स्वप्नांना कुशीत घेणारी राजेशाही शय्या.' 'थकल्या जिवाचा हळवा किनारा.' वगैरे वगैरे. आणि माझ्या पायाशी एक ओळ घालायला लावली: 'आमची वेबसाइट सर्वांसाठी सुलभ आहे.'

खरं सांगते, ती ओळ अंगावर घेताना मला उसना हार घालून लग्नाला गेल्यासारखं वाटत होतं. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मीही गप्प बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू आल्या.

सकाळची वेळ. कुठल्याशा घरात मी उघडले आणि लगेच एक आवाज माझी अक्षरं मोठ्याने वाचायला लागला, ते इतक्या वेगाने, की मागे कोणी लागलंय असं वाटावं. मी घाबरलेच. काकूंना दिसत नाही. तिशी ओलांडल्यावर त्यांची नजर हळूहळू गेली. त्यांच्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज आहे. त्याला त्या बडबड्या म्हणतात. माऊस त्यांच्या टेबलावर नव्हताच. त्या बोटांनी कळा दाबत पुढे सरकायच्या, आणि जिथे पोचतील तिथे काय आहे ते बडबड्या सांगायचा.

"हं, चल बाबा," काकू त्याला म्हणाल्या. "आज घरात आपण दोघंच. आमचे उंट गेलेत भावाकडे. ते यायच्या आत उरकायचंय." उंट म्हणजे त्यांचे ताडमाड उंच यजमान.

बडबड्याने वाचायला घेतलं. "सुलभता मेनू, बटण. सुलभता मेनू, उघडला. अक्षर मोठं करा, बटण. अक्षर आणखी मोठं करा, बटण."

"मोठं करून मी काय करू त्याचं?" काकू म्हणाल्या. त्या पुढे गेल्या. त्या पानावर जे बटण येईल त्याआधी तो खुर्चीवरचा माणूस आडवा यायचा. त्याच्या बाजूने कसंबसं वाट काढत काढत त्या पलंगांपर्यंत पोचल्या.

"थकल्या जिवाचा हळवा किनारा, चित्र," बडबड्या म्हणाला. "बटण. बटण. बटण."

आईने माझ्या बटणांवर सुंदर चित्रं काढली होती. हृदयाचं, पिशवीचं, बाणाचं. नावं मात्र द्यायची राहिली होती. दिसतच आहे की, असं तिला वाटलं असणार. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मला इतके हात आहेत आणि एकालाही नाव नाही.

काकू चिवट होत्या. प्रत्येक अनाम बटण दाबून, चुकून, परत येऊन त्या मापाच्या पानावर आल्या. रुंदी निवडली. मग बडबड्या म्हणाला, "लांबी." आणि लगेच, "पुढे, बटण."

माझी पट्टी त्याला दिसलीच नाही. ती फक्त माऊसने ओढायची होती. कळांच्या दुनियेत ती नव्हतीच. काकूंनी 'लांबी' ऐकलं आणि सवयीने आकडे दाबले. दोनशे पंधरा. ते आकडे कुठेच पडले नाहीत. माझ्यावर आदळून खाली गेले. मी काही बोलले नाही, कारण अशा वेळी बोलायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी पुढे दाबलं आणि मी पट्टीवर आधीपासून होतं तेच माप घेऊन पुढे गेले.

सगळं भरून झालं. त्यांचा चेहरा कसा होता हे मला माहीत नाही, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि त्या गुणगुणायला लागल्या. मग बडबड्या पावती वाचू लागला. "आपली ऑर्डर स्वीकारली आहे. लांबी, एकशे नव्वद. उद्या सकाळी लाकूड कापायला घेतलं जाईल. त्याआधी बदल करता येतील."

गुणगुणणं थांबलं. "परत वाच," काकू म्हणाल्या.

त्याने परत वाचलं.

बदल करायचं बटण सापडलं, पण ते पुन्हा त्याच पट्टीपाशी नेत होतं. काकू त्या पानावर आल्या, गेल्या, आल्या, गेल्या. प्रत्येक वेळी मी त्यांना एकशे नव्वद देत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. अखेर त्या काही न करता नुसत्या बसून राहिल्या. ती शांतता मला अजून आठवते.

मग त्यांनी माझ्या पायाशी लिहिलेला फोन नंबर बडबड्याकडून वाचून घेतला.

इकडे ऑफिसात फोन घेणाऱ्या ताई जेवायला गेल्या होत्या. फोन वाजला. आईने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने रिसीव्हर उचलला तो गरम तवा उचलावा तसा.

"हॅलो, नमस्कार, बोला, मी बोलतेय," ती एका दमात म्हणाली.

काकूंनी सगळं सांगितलं. लांबी बदलायची आहे, जमत नाहीये.

"अगदी सोपं आहे, काकू," आईला हायसं वाटलं. हे तिला येत होतं. "ती पट्टी आहे ना, तिच्यावरचा गोल धरायचा आणि उजवीकडे ओढायचा."

"कुठला गोल?"

"तो काय, निळा."

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. आईला वाटलं लाइन तुटली. "हॅलो? काकू? निळा गोल..."

"बाळ," काकू म्हणाल्या, "मला दिसत नाही."

आईचे कान लाल झाले. तिने माफी मागितली, मग पुन्हा मागितली, मग तिसऱ्यांदा मागायला लागली तेव्हा काकूंनीच तिला थांबवलं. "अगं, राहू दे. तू घाबरलीस तर मी कोणाशी बोलू?"

"काकू, घरी कोणी आहे का?" आईने विचारलं. "म्हणजे... दिसणारं?"

"आहेत की, आत्ता भावाकडे गेलेत. सहा फुटांच्या वर वाढलेत, लांबूनही दिसतात. पण त्यांच्यासाठीच तर हा पलंग आहे. त्यांना कळू द्यायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप."

आईला हसू आलं. हसल्यावर तिला जरा धीर आला. "मग मी करते ना, काकू. मला आतून बदलता येतं. एका मिनिटात करून देते."

पुन्हा तीच शांतता. ह्या वेळी आईही दचकली.

"दे करून," काकू म्हणाल्या. आवाज बदलला होता. "माझी नजर गेल्यापासून सगळे मला सगळं एका मिनिटात करून देतात. तू पहिली नाहीस. आमचे उंट तर अर्ध्या मिनिटात देतात. बिचारे वाईट नाहीत हं. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात, वाचून दाखवतात, निवडून देतात, तेच दाबतात. पण एक सांग, मला त्यांना काही द्यायचं झालं तर? स्वेटर विणते, तर लोकरीचा रंगही तेच सांगतात. इतक्या वर्षांत त्यांना आधी कळल्याशिवाय मी त्यांना एक रुमालसुद्धा देऊ शकले नाही."

 खालची करवत तेवढी बोलत होती.

"त्यांचे पाय कायम पलंगाबाहेर," काकू पुढे म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून गुडघे पोटाशी घेऊन झोपतात. मी म्हटलं नवा करू, तर म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने. माझ्या औषधांचं, माझ्या ह्या संगणकाचं सगळं आधी, आणि ते आखडून. मी ठरवलं, ह्या वेळी पाय पाहून अंथरूण करायचं. आणि ते मी करायचं. माप घेतलंय मी. विणकामाची टेप आहे माझी, गाठी मारलेली, बोटांना कळते. ते झोपले असताना घेतलं. मध्येच जागे झाले, म्हणाले काय करतेस. म्हटलं, झुरळ होतं."

आई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. 

"काकू," ती म्हणाली, "मी नाही बदलत. तुम्हीच बदला. मला जरा वेळ द्या. आणि फोन ठेवू नका, चालेल?"

फोनला घाबरणारी माझी आई असं म्हणाली. मी तर ऐकतच राहिले.

तिने माऊसची वायर उपटली आणि माऊस खणात टाकला. मग स्वतःच्या संगणकातला तसाच एक वाचणारा आवाज सुरू केला आणि पडदा काळा केला. जन्म दिल्यापासून पहिल्यांदाच ती मला न बघता भेटत होती.

"सुलभता मेनू, बटण," आवाज म्हणाला. "थकल्या जिवाचा हळवा किनारा, चित्र. बटण. बटण. बटण."

"अगं बाई," आई म्हणाली.

"आलं का ऐकू?" फोनमधून काकूंनी विचारलं. "मी सकाळपासून त्या किनाऱ्यावर बसलेय."

आईने पडदा पुन्हा उजळला आणि कामाला हात घातला. आधी तो खुर्चीवरचा माणूस काढला. मग बटणांना नावं दिली: आवडीत ठेवा, पिशवीत टाका, मागे जा. प्रत्येक नावासरशी मला वाटत होतं, कोणीतरी माझ्या एकेका बोटावरून हात फिरवतंय. मग पट्टीच्या खाली तिने एक साधी चौकट घातली. 'लांबी, सेंटिमीटरमध्ये.' आकडा लिहा, झालं.

तेवढ्यात साहेब जेवून आले. पट्टीच्या बाबतीत ते डोळ्यांत तेल घालून जागरूक असतात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे काय? ही चौकट कुठून आली? आणि आपलं ते सुलभतेचं बटण कुठे गेलं?"

आई खुर्चीतून अर्धी उठली. "सर, ते... अडवत होतं, सर."

"परिषदेत दाखवून आलोय मी ते. आणि ही चौकट म्हणजे रेशमी शालीला गोणपाटाचं ठिगळ. काढ ती. आधी मला विचारायचं तरी."

एरवी आईने 'बघते, सर' म्हटलं असतं आणि चौकट काढली असती. मी ओळखते तिला. तिचा हात कळेपर्यंत गेलाही. पण तिने कुठलीच कळ दाबली नाही.

"नाही काढत, सर," ती म्हणाली, इतकं हळू की साहेबांना 'काय?' असं विचारावं लागलं. मग तिने फोनचा स्पीकर लावला. "सर, ह्या काकू. तुम्हीच बोला."

साहेब गडबडले. गिऱ्हाईक समोर आलं की त्यांचा आवाज मऊ होतो. "बोला ताई. आमच्या पट्टीचा काही त्रास झाला का? फार छान आहे ती, सगळ्यांना आवडते."

"असेल, साहेब," काकू म्हणाल्या. "तुमची पट्टी छानच असेल. माझ्या नवऱ्याचे पाय तेवढे तिच्या बाहेर राहिलेत."

साहेब पट्टीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. "ताई, ते चित्रांचं वर्णन ऐकलंत का तुम्ही? मी लिहिलंय ते."

"ऐकलं ना. पाठ झालंय."

"कसं वाटलं?"

"गोड आहे. फक्त लाकूड कुठलं, खाली खण आहेत का, डोक्याशी टेकायला काय आहे, ते कळलं नाही. स्वप्नांना कुशीत घेऊ दे हो, पण माझ्या गुडघ्याला कोपरा लागेल का ते आधी सांगा."

 साहेबांनी एक खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसले. "ती चौकट राहू दे," ते म्हणाले. "पट्टीही राहू दे. दोघी नांदतील." आणि मग, जरा पडलेल्या आवाजात, "कोपरे गोल आहेत, ताई. गुडघ्याला लागणार नाही."

"काकू, आता लिहा," आई म्हणाली.

तिकडे मी पुन्हा उघडले. माझे सगळे श्वास अडकलेले. बडबड्या म्हणाला, "लांबी, सेंटिमीटरमध्ये, संपादन चौकट." काकूंनी आकडे लिहिले. पुढे दाबलं. मी हलले नाही.

"काही होत नाहीये गं," काकू म्हणाल्या.

आईने आपल्या पडद्यावर पाहिलं. "हो, ते लाल झालं म्हणजे ना..." आणि ती थांबली. जीभ चावली. "काकू, सॉरी. सॉरी. मी पुन्हा तेच."

"निळ्यावरून लालवर आलीस," काकू म्हणाल्या. "प्रगती आहे."

झालं होतं असं, की काकूंनी आकडे आपल्या लिपीत लिहिले होते, २१५ असे, आणि चौकटीला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. सगळी साइट आपल्या भाषेत, बोलणारी माणसं आपली, आणि आकडा तेवढा परका हवा. नाही जमलं की चौकट नुसती लाल व्हायची, रुसलेल्या सुनेसारखी, बोलायची नाही. आईने तिला दोन्ही आकडे शिकवले. आणि दुसरंही एक शिकवलं: काही बिघडलं तर तोंडाने सांग. आता चुकलं तर मी सांगते, 'लांबी कळली नाही, पुन्हा लिहा.' त्या एका वाक्यासाठी मी आईची जन्मभर ऋणी आहे. गप्प राहण्यापेक्षा ते किती सोपं होतं.

काकूंनी पुन्हा लिहिलं. पुढे दाबलं.

"ऑर्डर बदलली आहे," बडबड्या म्हणाला. "लांबी, दोनशे पंधरा."

"परत वाच," काकू म्हणाल्या. ह्या वेळी फक्त ऐकायला बरं वाटतं म्हणून. त्याने वाचलं. इकडे साहेब आणि आई दोघंही फोनकडे वाकून ऐकत होते. मग काकू म्हणाल्या, "पोरी, जेवलीस का?" आईच्या तेव्हा लक्षात आलं, की डबा तसाच बंद आहे.

पलंग घरी पोचला त्या दिवशी काकूंनी मला पुन्हा उघडलं होतं. उंट काका केस कापायला गेले होते. कारखान्यातली माणसं पलंग जोडून, जुना उचलून निघून गेली, आणि काकू 'अभिप्राय लिहा' ह्या पानावर मला तशीच उघडी ठेवून बसून राहिल्या. म्हणून पुढचं मी ऐकलं.

दार वाजलं. पावलं आली आणि खोलीच्या उंबऱ्यावर थांबली.

"अगं, हे काय?"

"पलंग."

"ते दिसतंय मला. कोणी आणला?"

"मी."

"भरून कोणी दिलं?"

"मी म्हटलं ना."

काकांची पावलं पलंगाभोवती एकदा फिरली. मग पलंग जरासा करकरला. कोणीतरी आडवं झालं होतं. काकू उठल्या. त्यांचा हात लाकडावरून घासत पायथ्यापर्यंत गेल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तिथे थांबला.

"पाय कुठेत तुमचे?"

"आखडलेत," काका ओशाळून म्हणाले. "सवय गं."

"पसरा."

"पसरतो की."

"आत्ता पसरा."

पलंग पुन्हा करकरला. "पसरले," काका म्हणाले.

काकूंचा हात पुन्हा शोधत गेला. "आहेत. आत आहेत. वर चार बोटं जागा उरलीय."

"मला कसं कळलं नाही?" काका म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र येत होता. "तुझं काही मला कळल्याशिवाय होत नाही. मला वाटायचं, मी नसलो तर तुझं कसं व्हायचं. आणि तू इकडे... आता माझं काय काम उरलं?"

"चहा टाका," काकू म्हणाल्या. "तो अजून मला जमत नाही तुमच्यासारखा. पण आत्ता नको. आत्ता पडून राहा."

मग त्या माझ्याकडे आल्या आणि अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं: 'पाय आत आहेत.' आईने तो अभिप्राय कागदावर छापून टेबलापाशी चिकटवलाय. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवायला सुरुवात केलीय. पाण्याच्या बाटल्यांवाल्यालाही दाखवला.

माझं आता बरं चाललंय. साहेबांनी सगळी वर्णनं पुन्हा लिहिली: लाकूड कुठलं, खण किती, कोपरे कसे. अगदीच राहवलं नाही तिथे शेवटी एक शब्द कवितेचा आहे, तो आम्ही राहू दिलाय. 'सर्वांसाठी सुलभ आहे' ही ओळ आईने काढली आणि तिथे लिहिलं, 'कुठे अडलात तर सांगा,' आणि खाली फोन नंबर. फोन वाजला की ती अजूनही दचकते. पण उचलते.

मी काही पूर्ण झालेली नाही. माझ्यावर एक फिल्म आहे, पलंग कसा जोडायचा ती, त्यात माणूस नुसता बोलतो. ऐकू न येणाऱ्या कोणीतरी ती पाहिली असेल आणि निघून गेली असेल. हे आईच्या परवा लक्षात आलं. ती आता त्यातलं बोलणं अक्षरांत लिहायला बसलीय.

तुमच्यापैकी कोणी माझ्या बहिणी घडवत असाल, तर एक मागणं आहे. एकदा माऊस खणात टाका, पडदा काळा करा आणि आपल्याच लेकीला आवाजाने भेटा. आणि भेटायला एखाद्या काकूंनाही बोलवा. त्यांच्यासाठी एका मिनिटात करून देण्याआधी, त्यांना स्वतःला करता येतंय का, तेवढं विचारा.

आणि तुम्ही कोणी माझ्यावर कुठे अडलात, तर कृपा करून न बोलता निघून जाऊ नका. जोरात क्लिक करा, रागवा, फोन करा, आईला दचकवा, चालेल. आताशा मला आवाजाची भीती वाटत नाही. वाटते ती फक्त त्या शांततेची, जिच्या पलीकडे कोणीतरी पाय आखडून बसलेलं असतं.